साळूबाईंनी खोडायला लावलेले शब्द

बुधवार, १३ एप्रिल. संध्याकाळ.

घरी येताच वही उघडली!

बिडकीनजवळच्या एका कंपनीच्या कारखान्याची फिल्म करतेय. या दुष्काळात कारखान्यानं गावातल्या जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधून दिला. त्याबद्दल मेंढ्या राखणाऱ्या साळूबाई आज कॅमेऱ्यासमोर बोलणार होत्या. लेखी संमती घ्यायची म्हणून मी त्यांना कागद वाचून दाखवला : ‘हे चित्रण कंपनी कुठेही, कधीही वापरू शकेल.’

साळूबाईंनी मला थांबवलं. “कुठंही म्हंजी? चौकातल्या बोर्डावर माझं तोंड लावतील व्हय?”

“लावू शकतात,” मी खरं ते सांगितलं.

“मग नाय. ह्या एका फिल्मपुरतं लिही, ताई.”

मी ‘कुठेही, कधीही’ खोडलं, तसं लिहिलं. मग त्यांनी सावकाश सही केली आणि काय मोकळेपणानं बोलल्या!

परतताना रिक्षात माझा कंपनीशी व्हायचा करार उघडला. त्यातही तेच! माझं सगळं चित्रण कंपनीचं, कुठेही, कधीही. आणि मी न वाचताच सही करणार होते? रिक्षा तशीच कारखान्याकडं वळवली.

“सगळेच अशी सही करतात, मॅडम,” जनसंपर्काचे साहेब म्हणाले.

“या एका फिल्मपुरतं देते. दुसरीकडं वापरायचं तर आधी मला विचारायचं.” हा आवाज माझाच?

साहेबांनी वर फोन लावला. बराच वेळ नुसतं “हो, हो” चाललं होतं. शेवटी पेन काढून त्यांनी स्वतः ओळ बदलली. “वकील कोण तुमचे?”

“मेंढ्या राखतात त्या.”

त्यांना थट्टा वाटली. वाटू दे. सही झाली!