प्रश्नांच्या चौदा वह्या

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, मोठ्या रुग्णालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली ग्रंथपाल, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. अक्षर बिघडले आहे, डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या भाचीला. आजारपणात तिनेच माझे सगळे केले. भावाला काही नाही. "पुस्तकं उचलून ठेवायला पदवी कशाला लागते?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. माफ केले आहे, विसरलेले नाही.

२. प्रश्नांच्या चौदा वह्या ग्रंथालयातील नव्या ग्रंथपालबाईंना. कोणत्या संशोधकाने काय विचारले, मी कोणते शब्द घालून कुठे शोधले, काय मिळाले, काय नाही, सारे तारीखवार आहे. बाई, डॉक्टर घाईत असतात. त्यांनी उभ्याउभ्या सांगितलेल्यावर शोधायला लागू नका. खुर्ची द्या, बोलते करा. आणि संगणकावर दिसले नाही म्हणजे ते कोणी लिहिलेच नाही, असे धरून चालू नका.

सातवी वही आधी वाचा. मूत्रपिंडाचे डॉक्टर एका नव्या औषधाची रुग्णांवर चाचणी सुरू करणार होते. मला वैद्यकीय नियतकालिकांच्या जुन्या बांधीव अंकांत एक लेख सापडला: त्याच जातीच्या औषधाने काही रुग्णांना कायमचे बहिरेपण आले होते. डॉक्टर चिडले. "बाई, मी लेख मागितले होते, सल्ला नाही." मी लेख टेबलावर ठेवून निघून आले. अकराव्या दिवशी ते स्वतः तळमजल्यावर, ग्रंथालयात आले. "चाचणी थांबवली. पुढचा आराखडा तुम्ही शेजारी असल्याशिवाय करायचा नाही, असं ठरवलंय."

नंतर नऊ वर्षे आम्ही एकाच टेबलावर काम केले.

३. ज्या शोधनिबंधावर या डॉक्टरांच्या नावाशेजारी माझे नाव छापले आहे, त्याची प्रत त्यांना पाठवावी. ते दूरच्या शहरात नोकरीला गेले. निघताना म्हणाले, "तिथेही ग्रंथालय आहे, बाई." मी म्हटले, "असणारच." ते जिना चढून गेले. त्यांनी मला काय विचारले होते, ते पावलांचा आवाज थांबल्यावर मला कळले. मागे धावले नाही.

४. मी गेल्याचे त्यांना पत्राने कळवू नये. भाचीने फोन करावा, आणि ते बोलतील तेवढा वेळ ऐकत राहावे.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हे कलम कायद्यात बसत नाही हो."

"नसू दे," मी म्हटले. "खोडू मात्र नका."

स्थळ: राहत्या घरी, पुढची खोली
दिनांक: १७ ऑक्टोबर
सही: (ग्रंथपाल, निवृत्त)

आमच्यासमोर, वाचून व समजून सही केली:
१. ग्रंथालयाचे जुने बाइंडर (सही)
२. शेजारच्या परिचारिकाबाई (सही)