मंगळ, गुरू, शनी : चार ते साडेपाच

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आज पुन्हा क्लास तुटला. तीन वेळा. चॅटमध्ये पोरांचं सुरू : सर फ्रीज हो गए, सर आवाज कट रही है. शेवटच्या वेळी परत जोडलो तर एक्केचाळीस पोरांतली सव्वीस उरलेली. घर्षणाचं गणित फळ्यावर अर्धंच.
संध्याकाळी भंवरकुआंहून कोचिंगच्या मॅडमचा फोन. गोड बोलल्या, पण बोलल्याच. "सरजी, दिक्कत बनी रही तो बॅच किसी और को देनी पड़ेगी." चौतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, रिटायर झाल्यावर ही एकच बॅच हातात आहे. तीही एका राउटरच्या डबड्यापायी जाणार?
सुनीताला विचारलं, क्लासच्या वेळी ओव्हन लावतेस का, त्याने वाय-फाय अडतं. म्हणाली, "मी काहीच लावत नाही." आणि भाजी निवडत बसली.

बुधवार, ५ नोव्हें.
आज क्लास नाही, म्हणून पूर्ण दिवस तपासणी. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या ठेंगण्या स्टँडवर. माझी खोली पार मागे, मध्ये दोन भिंती. तरी दर तासाला मोजलं, सिग्नल कायम तीन काड्या, स्पीड उत्तम. खोलीचं दार लावून पाहिलं, ओव्हन लावून पाहिला, मिक्सरसुद्धा. थोडा फरक. तुटावं असं काही नाही.
मग क्लासच्याच वेळी काय होतं?

गुरुवार, ६ नोव्हें.
राउटरचा चॅनेल बदलला. लॅपटॉप भिंतींतून नीट पोचणाऱ्या जुन्या बँडवर घेतला. दुपारी साडेतीनला राउटर बंद करून पुन्हा चालू केला. चार वाजता खोलीचं दार लावलं, कानाला हेडफोन, श्रीगणेशा झक्कास.
४.१२ ला एक काडी. ४.१५ ला गेलं. मग येतंय-जातंय, येतंय-जातंय. ५.२० ला आपोआप ठीक.
साडेपाचला बाहेर आलो. राउटर आपल्या जागेवर, सगळे दिवे हिरवे. सु. पडदे सारखे करत होती. मी म्हटलं, "हा मला वेड लावणार." ती हसली नाही.

शुक्रवार, ७ नोव्हें.
नेटवाले यादवजी आले. साठीला टेकलेले, गुडघा धरत जिना चढले (लिफ्ट बंद). मशीन लावून म्हणाले, "सर, लाइन में तो पूरा पावर आ रिया हे." मग राउटरला येणारी पिवळी वायर बोटांतून सरकवत गेले आणि थांबले. एका जागी तिला घडी पडलेली. "ये तो किसी ने दरवाजे में दबाई हे." मी म्हटलं, तिथे दार कुठंय भिया? टीव्हीशेजारी कपड्यांचं लोखंडी कपाट आहे तेवढंच. सु. चहा करायला उठून गेली.
वायरचं टोक नवीन बसवून दिलं. राउटरचं पान कसं उघडायचं ते दाखवलं. कोण कोण जोडलंय, कधीपासून, सगळं दिसतं त्यात. जाताना : "पासवर्ड बदल दो सर. कोई बाहर वाला चला रिया होगा." मला पटलं. उद्या क्लासमध्येच चोर पकडतो.

शनिवार, ८ नोव्हें.
घाईत लिहितोय, अक्षर वाईट येईल.
४.१० ला सिग्नल पडला. क्लास मोबाइलच्या नेटवर घेतला आणि लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं. उघडायलाच चार मिनिटं लागली. यादी : माझा लॅपटॉप, सु. चा फोन, टीव्ही.
आणि चौथं नाव. Mugdha.
पोरांना काय शिकवत होतो आठवत नाही. कुणीतरी विचारलं, सर आप ठीक हो ना. म्हटलं, हो, पुढचं गणित घ्या.
मुग्धा. माझी मुलगी. अडीच वर्षं या घरात तिचं नाव मी घेतलेलं नाही, कुणाला घेऊ दिलेलं नाही. राउटरचा पासवर्ड तिनेच ठेवलेला, मी तो कधी बदलला नाही. तिच्या फोनला अजून घर आठवतं, दारात आला की आपोआप जोडला जातो. म्हणजे ती इथेच आहे. आत्ता. दाराच्या पलीकडे. की खाली रस्त्यावर उभी राहते?
उठलो नाही. क्लास पूर्ण केला. ५.३५ ला बाहेर आलो तर सु. एकटी, कपड्यांच्या घड्या घालत होती. "चहा ठेवू?" म्हणाली. ठेव म्हटलं.

रविवार, ९ नोव्हें.
सु. देवळात गेली तेव्हा सगळी नोंद काढली. सप्टेंबरपासून दिसते. मंगळ, गुरू, शनी. ४.०५ ला येते, ५.२० च्या आत जाते. एकही वार चुकलेला नाही. खाली उभं राहून कुणी सव्वा तास थांबत नाही. घरात येते.
माझ्याच क्लासचं टाइमटेबल पाहून येते!
मी दार लावून, कानात हेडफोन घालून गतीचे नियम सांगतो आणि पलीकडे ती आईजवळ बसलेली असते. दोन महिने. बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्यापासून साधं खरकटं भांडं लपवलं नाही असं मी समजत होतो.
दीपकचं पुन्हा सगळं आठवलं. सेकंड इयरला माझ्याच पेपरात कॉपीच्या चिठ्ठीसकट सापडला. मी रिपोर्ट केला, त्याचं वर्ष गेलं, मग त्याने कॉलेजच सोडलं. आता मल्हारगंजात पंखे-मिक्सर दुरुस्त करतो. आणि मुग्धाने येऊन सांगितलं, लग्न करीन तर याच्याशी. मला वाटलं, पोरगा सूड घेतोय. म्हणालो, "ज्याला मी वर्गाबाहेर काढलं त्याला घरात घेणार नाही." ती म्हणाली, "मग मीपण बाहेरच." गेली.
एवढंच झालं होतं. आरडाओरडासुद्धा नाही.

सोमवार, १० नोव्हें.
सकाळी नवा पासवर्ड टाइप केला. सेव्हचं बटण दाबलं नाही. पान बंद केलं. पुन्हा उघडलं. पुन्हा बंद.
आमटी खारट झाली म्हणून सु. वर ओरडलो. आमटी ठीक होती.
आणि एक लिहायला लाज वाटते. रागापेक्षा जास्त एकच प्रश्न छळतोय. ती आली की सिग्नल का पडतो? एका फोनने राउटर बसत नाही. अशक्य आहे. हिशेब लागत नाही.

मंगळवार, ११ नोव्हें.
पोरांना टेस्ट दिली. पाऊण तास, कॅमेरे चालू, बोलायचं नाही. ४.१४ ला सिग्नल पडला, मी मोबाइलवर गेलो. मग हेडफोन काढला. क्लास चालू असताना पहिल्यांदाच काढला असेन.
हॉलमधून आवाज आला. हसण्याचा. मोठ्या माणसाचा नव्हता.
दार उघडून गेलो.
टीव्हीचा स्टँड धरून एक मूल उभं. निळी चड्डी, पाय डुगडुगतायत. रिकाम्या फळीवर दोन्ही हातांनी थापा मारत होतं. राउटर तिथे नव्हता. लोखंडी कपाटाचं दार अर्धवट ओढलेलं, फटीतून पिवळी वायर आत गेलेली, दाराखाली चेपलेली. दिवे लुकलुकतात म्हणून मूल राउटर ओढतं, वायरी तोंडात घालतं. म्हणून राउटर कपाटात ठेवतात. मला हे सगळं एका क्षणात कळलं आणि बाकी काहीच कळलं नाही.
मुग्धा जमिनीवर बसलेली. वाळलीय. "बाबा," म्हणाली आणि उठायला लागली. सु. च्या हातात वाटी, ती तशीच.
मूल वळून माझ्याकडे बघत होतं. कान माझ्या आईचे. तेच, बाहेर आलेले.
अडीच वर्षांनी मी माझ्या मुलीला काय म्हणालो? शब्द न् शब्द लिहून ठेवतो :
"राउटर कपाटात ठेवू नका. पत्रा आहे. सिग्नल बाहेर येत नाही."
आणि खोलीत परत आलो. दार लावलं. पोरांचे पेपर गोळा केले. एक मुलगी म्हणाली, सर पाच मिनट और. दिली. त्या पाच मिनिटांत बाहेर चपलांचा आवाज, कडीचा आवाज, मग काही नाही.

बुधवार, १२ नोव्हें.
सकाळी चहाच्या वेळी सु. स्वतःच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.
नाव ईशान. अकरा महिन्यांचा.
अकरा! म्हणजे गेल्या डिसेंबरात. तेव्हा सु. आठ दिवस देवासला बहिणीकडे गेली होती. गेली नव्हती. इथेच होती, इंदूरमध्येच, दवाखान्यात मुलीजवळ. मी त्या आठवड्यात फोन करकरून तिला ऐकवलं होतं की डब्याचं खाऊन पोट बिघडलंय, किती दिवस राहशील. ती दवाखान्याच्या व्हरांड्यातून सांगत होती, येते हो, दोन दिवसांत येते.
मी म्हटलं, "मला सांगायचं तरी."
"काय केलं असतंत तुम्ही?"
एक आजोबा झालेला माणूस अकरा महिने बाजारात फिरतो, दूध आणतो, पेपर वाचतो, आणि त्याला पत्ता नाही. आणि त्याच्या बायकोला वाटतं की सांगण्यात धोका आहे. माझ्यात धोका.
"इथे येताना भीती वाटायची का तिला?" विचारलं.
"तिला नाही. मला. तुम्ही बाहेर याल आणि त्या लेकरासमोर काही बोलाल, याची." मग म्हणाली, "काल वाटलं त्याहून बरं बोललात."
तिला हसू आलं आणि लगेच रडू. मी पेपर उघडला. वाचला नाही.

गुरुवार, १३ नोव्हें.
४ ते ५.३०. एकदाही तुटला नाही. तीन काड्या, पूर्ण वेळ. पोरं म्हणाली, सर आज तो एकदम मक्खन. मॅडमचाही मेसेज आला, थँक यू सरजी.
मी सारखा काड्यांकडे बघत होतो. ४.१० झाले. ४.२० झाले. पडेल, आता पडेल. साधं सूत्र लिहिताना चुकलो, पोरांनी सुधारलं.
५.३० ला बाहेर. सु. सोफ्यावर बसलेली, टीव्ही बंद. वाटीभर खिचडी ओट्यावर झाकून ठेवलेली.

शुक्रवार, १४ नोव्हें.
सियागंजच्या बाजारात गेलो. भिंतीवरचा स्टँड, लांब वायर, पट्ट्या, खिळे घेतले. परतताना ई-रिक्षावाल्याला मल्हारगंजातून घे म्हटलं. का, माहीत नाही. दुकान शोधावं लागलं नाही. जेमतेम एका दाराएवढं आहे. दीपक स्टुलावर, मांडीत पंख्याची मोटर. रिक्षा गर्दीत अडकली तेव्हा त्याने मान वर केली. मला पाहिलं आणि उभा राहिला. वर्गात सर आल्यावर उभे राहतात तसा, हात पँटला पुसत. केस विरळ झालेत त्याचे. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा, चिठ्ठी माझ्या हातात देताना रडला होता. ते मी विसरलो होतो. की विसरायचं ठरवलं होतं.
उतरलो नाही. हात थोडा वर केला. त्याने पाहिला की नाही, रिक्षा सुटली.
घरी येऊन राउटर वर चढवला. दाराच्या चौकटीच्याही वर, छतालगत. वायर पट्ट्यांनी भिंतीला घट्ट बसवली. सु. ने स्टूल धरलं.
मी म्हटलं, "इथे हात पोचणार नाही."
"कुणाचा?"
तिला माहीत होतं. मला म्हणायला लावायचं होतं. खिळा ठोकून झाला, हातोडी खाली दिली, तरी ती वाट बघत होती.
"ईशानचा," म्हणालो.
नाव तोंडातून पहिल्यांदा निघालं. स्टुलावरून उतरताना सु. ने हात धरला. वय झालं.

शनिवार, १५ नोव्हें.
सकाळी सु. ला म्हटलं, तिला सांग, ये म्हणावं. ती म्हणाली, "तुम्ही घालवलीत, तुम्हीच बोलवा." नंबर दिला आणि आंघोळीला गेली.
तीन वेळा लिहिलं. पहिलं फार लांब झालं, त्यात दीपकच्या पेपराचंही होतं, मी बरोबर होतो वगैरे. खोडलं. दुसरं माफी होती, ती खोटी वाटली. तिसरं पाठवलं :
'राउटर उंच लावला आहे. आता क्लास तुटत नाही. तुम्ही या. मी खोलीबाहेर असेन.'
मॅडमना कळवून आजचा क्लास उद्यावर ढकलला. त्यांनी कारण विचारलं. घरी पाहुणे, म्हटलं. खोटं की खरं ते अजून ठरायचंय.
१०.४० ला मेसेज वाचला गेल्याची खूण. मग काही नाही. दाढी केली. पुन्हा पाहिलं, काही नाही. सु. ने खिचडीला मूग भिजवले. विचारलं नाही, पण फोन जिथे होता त्याच्या आसपासच तिची कामं चालली होती.
११.२५ ला उत्तर आलं :
'बाबा, आम्ही तिघं येऊ का? दोघं नाही. तिघं.'
चाळिसेक वेळा वाचलं असेल. ती विचारतेय. अडीच वर्षांपूर्वी तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. आज विचारतेय. दीपकला चिठ्ठीसकट पकडणारा हात माझाच. काल रिक्षात अर्धवट वर झालेला तोही.
सु. दारात उभी. "काय म्हणतेय?"
फोन तिच्या हातात दिला. तिने वाचला, परत दिला आणि स्वयंपाकघरात गेली. मूग उपसल्याचा आवाज नाही. थांबलीय.
बारा वाजून गेले. पोरगी वाट बघत असेल. फोनवर बोट जात नाही म्हणून आधी इथे लिहून बघतोय.
या.
तिघंही या.
इथे लिहिता येतंय. आता तिकडे, फोनवर.