वैजनाथच्या पाठची

बेलमळा, ता. राहुरी
२८ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

कानातलं मशीन तू डबीत जपून ठेवतेस, त्यामुळे फोनवर बोलायची सोय नाही. आणि हे ओरडून सांगण्यासारखंही नाही.

परवा ग्रामसभेत शाळेचा विषय निघाला. पटावर जेमतेम दहा-बारा मुलं उरलीत, जूनपासून शाळा बंद होणार अशी बोलवा आहे. मी सुचवलं, ऊसतोडीला आलेल्यांची मुलं त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपाशी, कोप्यांपाशी, दिवसभर हिंडतात, त्यांना शाळेत आणू. सरपंच श्रीमंतराव म्हणाले, ती आपली नव्हेत. मग त्यांनी ठरावच मांडला, की गावातल्या प्रत्येक सुनेनं तीन मुलं होऊ द्यावीत, तिसऱ्याच्या वेळी ग्रामपंचायत साडीचोळी करील. वर माझ्याकडे हात करून म्हणाले, अंगणवाडीची बाईच एका पोरीवर थांबली, तर अंगणवाडी भरणार कशी? सगळे हसले.

श्रीमंतरावांना स्वतःला तिसरं झालं असतं तर दोन मुलांच्या कायद्याने त्यांचं सरपंचपद गेलं असतं, आणि ते मला शिकवणार! सृष्टीच्या वेळी माझा रक्तस्राव थांबत नव्हता. पुन्हा दिवस राहू देऊ नका, असं डॉक्टरांनी ह्यांना बजावलं होतं. तरी सभेत हे मान खाली घालून बसून राहिले. आत्या, मला सरपंचापेक्षा जास्त राग ह्यांचा आलाय.

सासूबाई तेव्हापासून गप्प आहेत. त्यांनाही नातू हवा असणार. पुढच्या सभेत ठराव मंजूर व्हायचा आहे. जाऊ की नको?

तुझी माया पाठीशी असू दे.

तुझी,
निकिता

नेवासा
६ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. निकितास,
अ. उ. आ.

मशीनचा सेल संपलाय, डबीला बोल लावू नकोस.

सभेला जायचं, आणि पुढे बसायचं. तुझ्या दिराचंच बघ. वैजनाथला जमीन आहे, ट्रॅक्टर आहे, सुपारीचं खांडही तो तोंडात टाकत नाही. छत्तिशी आली तरी त्याला मुलगी मिळेना. त्याच्या बरोबरीचे किती जण तसेच बसलेत, हे श्रीमंतरावांना दिसत नाही का? मी शाळेवर होते तेव्हा पहिलीच्या वर्गात मुलींची रांग दरवर्षी आखूड होत गेली. पोरी कुठे गेल्या हे गावोगाव सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी सभा बोलावली नाही. पोरी नकोत म्हणताना ज्यांनी सुनांना विचारलं नाही, ते आता पोरं हवीत म्हणतानाही विचारत नाहीत. माझं तर डोकंच फिरलंय.

ज्या बाईला हवी तिने चार होऊ द्यावीत, मी बाळंतविडा घेऊन येईन. पण ते तिचं तिनं ठरवायचं.

हे पत्र रविराजना वाचायला दे. जावई म्हणून मी आजवर मान दिला, आता त्यांनी तोंड उघडावं. सासूबाईंच्या मनातलं मात्र तू परस्पर ठरवू नकोस, गप्प माणूस काय गिळून बसलंय ते कळत नाही.

सृष्टीला गोड पापा. खुशाली कळवत जा.

तुझी,
आत्या

बेलमळा
२ मार्च २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल सभा झाली. ह्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं होतं. सभेत माझ्याआधी हेच उठले आणि सृष्टीच्या जन्मावेळचं सगळं सांगितलं. श्रीमंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले, तेव्हाची गोष्ट वेगळी, आता दवाखाने चांगले झालेत.

तेवढ्यात मागून सासूबाई उठल्या. सभेत त्या आजवर कधी बोललेल्या नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "दवाखान्याचं मला नगा सांगू. वैजनाथच्या पाठची मला लेक हुती. मला तपासून आनलं, अन् दुसऱ्या दिशी पोट मोकळं केलं. जायला जीप तुमच्या वडलांनीच दिली, श्रीमंतराव. मी नगं नगं म्हनत हुते. आता गावाला मान्सं कमी पडली, तर माझ्या सुनंला बोल लावता व्हय?"

मग बायकांच्या बाजूने आणखी एक म्हातारी उठली. ती सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून दुसरी उठली. श्रीमंतरावांनी ठराव मागे घेतला. शाळेचं जूनमध्येच कळेल. पण गुरुजी आज सकाळीच कोप्यांवर गेले होते.

आत्या, इतकी वर्षं मी या बाईच्या हातचं जेवतेय आणि मला काही माहीत नव्हतं. मला माझ्यासाठी आलेला राग लहान वाटला. आज मला त्यांच्यासाठी राग येतोय, तो कुणावर काढू ते कळत नाही.

वैजनाथभाऊजींनाही हे कालच कळलं. घरी आल्यावर स्वयंपाकघरात येऊन त्यांनी विचारलं, ती आज केवढी असती. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"हिच्याएवढी," म्हणाल्या.

भेटीची ओढ लागली आहे, लवकर ये.

तुझी,
निकिता