बोटभर मेणबत्ती

प्रिय मावशी,

काल दादाचा फोन आला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. आणि तू त्याला सांगितलंस, "तिला म्हणावं, बाप्तिस्म्याची मेणबत्ती घेऊन ये. माझ्या उशाशी तीच लावायची."

तूच मला कडेवर घेऊन ती वेदीवरच्या मोठ्या मेणबत्तीवर पेटवली होतीस. ख्रिस्ताचा उजेड आहे, जपून ठेव, असं सांगत आलीस. सगळीकडे बरोबर नेली गं, पण पेटवली कधीच नाही. घर सोडताना बॅगेची चेन अडकली, ती सरकावी म्हणून तिच्यावर मेणबत्ती घासली. मग भाड्याच्या खोल्यांतल्या खिडक्यांवर, कपाटाच्या खणांवर. इथे सुताराकडे कामाला लागल्यापासून रोज करवतीला लावते. मेण लावलं की करवत लोण्यातून गेल्यासारखी जाते, तुला एकदा दाखवायला हवं... पण ते राहू दे.

आज दुपारी सुताराला सगळं सांगितलं. झरोक्यातून ऊन येत होतं, त्यात भुसा तरंगत होता, आणि आम्ही दोघं पाण्याखाली बसल्यासारखे वाटत होतो.

"आत वात आहे ना?" तो म्हणाला. "मग मेण कामाला आलं म्हणून उजेड बाटतो का?"

"तोंड दाखवायची लाज वाटते."

"तुझं तोंड कोण मागतंय? मेणबत्ती मागितलीय."

हे पत्र टाकत नाही, त्याच्या आधी माझी बस पोचेल. सुतार म्हणतो, उरलीय ती अर्धा तास जळेल. तेवढा वेळ मी तुझ्या उशाशी एका जागी बसेन, उठणार नाही.

तुझी,
भिंगरी