व्याह्यांच्या ॲम्प्लिफायरला घातलेली वाकळ

श्री. नाथाजीराव व्याही यांस,
मुक्काम विश्रामबाग, सांगली.

मेढ्याहून तात्याबाचा हात जोडून रामराम. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, म्हैसही खुशाल आहे. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढू नका, आणि चढलाच तर उतरायची घाई करू नका. चिरंजीव वीरधवलचा सीमेवरून फोन आला होता. तिकडे बर्फ पडतोय आणि त्याला सुट्टी एप्रिलशिवाय नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला थांबवून उपाय सांगायला लागता, आणि मला जे सांगायचंय ते तिसऱ्या वाक्याच्या बरंच पुढं आहे. शिवाय एक कबुली द्यायची आहे. एकवीस वर्षं पलटणीत काढली, साहेबांपुढं कधी चळचळ कापलो नाही, पण व्याह्यासमोर आजही खरं तोंडातून निघत नाही.

तर कबुली अशी. दर रविवारी तुम्ही विचारता, "ॲम्प्लिफायर कसा चाललाय?" आणि मी म्हणतो, "एकदम गारेगार." नाथाजीराव, ते खोटं आहे. तुम्ही स्वतःच्या हातानं जोडलेला, लेकीबरोबर टेम्पोतून दोन मोठ्या स्पीकरांसह पाठवलेला तो ॲम्प्लिफायर पहिल्या आठवड्यापासून तापायचा. तापायचा म्हणजे कसा, तर दोन अभंग होईतो कोमट, चौथ्याला कढत, आणि सहाव्याला मांजर उठून जायचं (ते रोज पहिल्या अभंगाला येऊन त्यावर बसायचं). आमच्या मंडळींनी, म्हणजे रंगुबाईनं, त्यावर दह्याचं विरजण ठेवायला सुरुवात केली. मेढ्याच्या थंडीत दही लागत नाही हो, पण तुमच्या ॲम्प्लिफायरवर असं लागायचं की सुरीनं कापावं. मटकीला एका दिवसात मोड. पण हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार? व्याह्यानं दिलेल्या वस्तूला नाव ठेवणं म्हणजे व्याह्याला नाव ठेवणं, असं आमच्याकडं समजतात, आणि तुमच्याकडंही वेगळं काही समजत नसतील.

मग मी गुपचूप उपाय सुरू केले. कोंडीबा वायरमनला बोलावलं. तो अर्धा तास मान हलवून म्हणाला, "तात्या, आपल्याकडची लाईटच खराब हाय." म्हणून स्टॅबिलायझर आणला. मग दोघंही तापायला लागले. मग उत्तरेच्या खिडकीत ठेवला. मग विहिरीवरच्या मोटरीला उन्हाळ्यात टाकतो तसं ओलं पोतं टाकावं म्हणून मी पोतं भिजवलंही होतं (रंगुबाईनं ते माझ्याच पायावर टाकलं). शेवटी टेबलफॅन. डिसेंबरच्या कडाक्यात आम्ही दोघं स्वेटर, कानटोपी घालून, गुडघे पोटाशी घेऊन बसायचो, आणि समोर तुमच्या ॲम्प्लिफायरला वारा घालत पंखा तीनवर फिरायचा.

पण खरं सांगायचं तर मला ॲम्प्लिफायरपेक्षा मोठी काळजी वेगळीच होती. तुमची सृष्टी बोलत नव्हती. लग्नाच्या बैठकीत तुम्ही म्हणाला होता, आमची पोर एकदा सुरू झाली की बंद करायचं बटण सापडत नाही. आम्हाला तर सुरू करायचं सापडेना. काही विचारलं की "हो मामंजी", काही वाढलं की "पुरे आत्याबाई". सात महिने या दोन वाक्यांवर काढले. नवरा तिकडे बर्फात, पोर इकडे डोंगरात, दोन म्हाताऱ्यांच्या तोंडाकडं बघत. एकदा चुलीपाशी रंगुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "पोरीला आपलं घर मानवलं न्हाई वो." मी धुराचं निमित्त सांगून बाहेर आलो, कारण मलाही तेच वाटत होतं.

आता मुद्द्याचं. सृष्टीची पहिली संक्रांत, म्हणून दुपारी हळदीकुंकू ठेवलं होतं. गल्लीतल्या अठरा बायका, सृष्टी काळ्या साडीत, अंगावर हलव्याचे दागिने, अगदी गोजिरी दिसत होती. व्याह्यांच्या देणगीची शोभा दिसावी म्हणून मी गाणी लावली, जरा मोठ्यानंच. तिसऱ्या वाणाला करपल्याचा वास आला. मला वाटलं तिळगूळ लागला. पाचव्या वाणाला स्पीकर खरखरले आणि ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला. मी पलटणीतला माणूस, आग दिसली की पाणी. बादली उचलली, तोल साधला, आणि तेवढ्यात घरात एक आवाज कडाडला. तसा आवाज मी सुभेदाराच्या तोंडूनच ऐकलाय.

"मामंजी, बादली खाली ठेवा! आधी मेन बटण बंद करा! आणि आत्याबाई, ती वाकळ काढा त्याच्यावरची! सात महिने बघतेय मी, गुदमरलाय तो!"

वाकळीचं सांगायचं राहिलंच. (राहिलं नाही, लाजेनं मागं ठेवलं होतं.) आमच्याकडे मानाच्या वस्तूला उघडं ठेवत नाहीत. फ्रिजला झालर, मिक्सरला टोपडं, टीव्हीला पडदा. मग व्याह्यांच्या ॲम्प्लिफायरला साधं फडकं कसं चालेल? रंगुबाईनं स्वतःच्या लग्नातला शालू कापून, आत चार पदर घालून, आठ दिवस बसून त्याला वाकळ शिवली होती. पुढं फक्त बटणांपुरती भोकं. वरची जाळी बंद, मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बंद. त्या पट्ट्या गरमी बाहेर टाकायला असतात, हे मला संक्रांतीला कळलं. मला वाटायचं, शोभेला आहेत. स्टॅबिलायझरलाही तशीच एक छोटी शिवली होती.

नाथाजीराव, तुमच्या लेकीनं अठरा बायकांसमोर पदर खोचला, कोंडीबाकडून हत्यारं मागवली आणि फरशीवर बसून ॲम्प्लिफायर उघडला. गळ्यातला हलव्याचा हार त्याच्यावर लोंबत होता, दोन मुंग्या आत उतरल्या, त्यांनाही तिनं फुंकर मारून बाहेर काढलं. एक ट्रान्झिस्टर गेला होता. दुसऱ्या दिवशी तिनं चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, मी एसटीनं साताऱ्याला जाऊन तो घेऊन आलो. संध्याकाळी अभंग सुरू. अकरा झाले तरी जेमतेम कोमट.

आधी का नाही बोललीस, असं मी विचारलं. तर म्हणाली, आत्याबाईंनी लग्नातला शालू कापलाय, तो काढा असं कसं म्हणू? रंगुबाई म्हणाली, मी तर तुज्या वडलांच्या मानासाठी शिवली. मी म्हणालो, मी तर तुझे वडील दुखावतील म्हणून गप्प. म्हणजे बघा, तीन माणसांच्या मानपानात ते गरीब यंत्र सात महिने शिजत होतं. आम्ही तिघं जे हसायला लागलो, ते रंगुबाईला उचकी लागेपर्यंत.

तेव्हापासून बटण सुरू आहे. काल माझ्या चहातल्या साखरेवर वीस मिनिटं बोलणी खाल्ली. मोटरीच्या उघड्या वायरींवरून परवा जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. दही आता लागत नाही, पातळच खातो. घर कसं भरल्यासारखं वाटतं.

विहीणबाईंना नमस्कार सांगावा. खोटं बोललो त्याची माफी असावी.

आपला,
तात्याबा

ता. क. वाकळ आता मांजराला दिली आहे.

ता. क. दुसरा. तुम्ही परवा म्हणालात, सृष्टीला महिनाभर माहेरी न्यायला येतो. हक्क तुमचाच आहे, आम्ही नाही म्हणणार नाही. पण महिना लय होतो हो. आठ दिवस केलं तर? खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. माझं नाव सांगू नका, रंगुबाईला करमत नाही असं म्हणा.

ता. क. तिसरा. पप्पा, मी सृष्टी. मामंजींनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडंच दिलं, म्हणून वाचलं. दहा दिवस येते. मम्मीला सांगा, रडू नको. तुमच्या टेबलाच्या खणात माझा हत्यारांचा डबा आहे, "तू येशील तेव्हा लागेल" म्हणून तुम्ही मला नेऊ दिला नव्हता. तो काढून ठेवा. परत येताना घेऊन येणार आहे, मला इथं रोज लागतो. रागावू नका. लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर तुमच्यासाठी ठेवते.