काकांना काहीच झालेलं नाही

आदरणीय तकिय्या आत्या,

तुमच्या मुनीफचा सलाम घ्या. तुमचे गुडघे, इब्बचा पाऊस, शेळ्या, झालंच तर तुमच्याशी अबोला धरलेली शेजारीण, सगळ्यांची खुशाली कळवा. इकडे शेफिल्डला मी जिवंत आहे. तुमचे धाकटे बंधू, आमचे मुसइदकाका, ठणठणीत आहेत, आणि तेच आमचं दुखणं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, मला या देशातून हाकलून परत येमेनला धाडायचं सरकारच्या मनात आहे. त्यावर आमचं अपील एवढंच, की पोलादाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या या माणसाला आता मोजे घालायलाही मी लागतो. वकीलबाईंनी डॉक्टरांचे नव्वद कागद जोडले. (त्यातले सव्वीस एकट्या कमरेचे.) काकांना मी आठवडाभर पढवलं, की विचारतील ते खरं सांगा. म्हणाले, "मी कधी खोटं बोललोय का रे?" तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

न्यायाधीशबाईंनी आपुलकीने विचारलं, तब्येत कशी आहे? आता परक्या माणसाने, त्यातून बाईमाणसाने विचारल्यावर आपल्याकडचा म्हातारा काय सांगणार? "अल्लाची कृपा, कशाची कमी नाही." कंबर? "अल्लाची कृपा." जिना चढता येतो? "हे काय, आलोच की वर." (मी आणि शिपायाने खुर्चीसकट उचलून आणलं होतं.) सरकारी वकिलाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्याने विचारलं, मग पुतण्या कशाला हवा? काका माझ्याकडे बघून कळवळले. "त्याला कुठे धाडता साहेब? अजून धड चहा जमत नाही त्याला. मी आहे म्हणून चाललंय त्याचं." वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर मी चिडलो, तर मलाच म्हणतात, "चारचौघांत रडगाणं गाऊ? वर गेल्यावर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?"

आत्या, मला वैताग आलाय आणि भीतीही वाटते. मी गेलो तर यांना पाणी द्यायला कोणी नाही. आणि हे मागणारही नाहीत.

तुमचा,
मुनीफ

ता. क. काका फक्त तुमचं ऐकतात. अठ्ठावीस तारखेला पुन्हा साक्ष आहे. त्याआधी फोन करून चांगला दम भरा, की आजारी आहेस ते गुमान कबूल कर.

आणखी एक. मी लिहितोय हे पाहून काका आत्ताच म्हणाले, "ताईला कळव, मी अगदी मजेत आहे." कळवलं. मग म्हणाले, "झालं असेल लिहून, तर मला जरा कुशीवर वळव."