तापलेल्या टायरची हवा

३ मार्च

ती. दादास,
सा. न.

यांना काल दवाखान्यातून घरी आणलं. उजव्या पायात रॉड घातलाय, काठीवाचून चालता येत नाही. बारा वर्षं शाळेची बस चालवली, एका पोराला खरचटलं नाही. आता शाळेने दुसरा ड्रायव्हर ठेवलाय.

बाबांनी मात्र पत्रातून यांना बेजबाबदार म्हटलंय, पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकू नका असंही लिहिलंय. ते वाचून यांनी ताट बाजूला सारलं. माझाच वेग जास्त असेल, असं आता हे स्वतःच म्हणतात. दादा, अपघात झाला तेव्हा मी शेजारी बसले होते. वेग बेताचा होता, टायर फुटला. टायरच्या दुकानात तू केस पांढरे केलेस, तुमच्याकडून निघण्याआधी आमच्या गाडीची हवाही तूच बघितलीस. बाबांना दोन ओळी लिही. तुझं ते ऐकतात, माझं कधी ऐकलंय!

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
चिऊ

११ मार्च

चि. चिऊस,
अ. आ.

जावईबापूंना जप. बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. आत्ता मी मध्ये पडलो तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल. राग ओसरला की बघू.

गाडी दुरुस्त होऊन आली की तुझ्या दिराला नीट समजावून सांग. हवा सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायची. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर आकडा असतो तोच धरायचा, टायरवर कोरलेला नव्हे. महिन्यातून एकदा तरी, स्टेपनीसकट. लांबून आलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात, हवा जास्त दिसते. ती काढायची नाही. काढली तर गार झाल्यावर कमी पडते, मग टायर रस्त्यावर दबतो, तापतो आणि फुटतो. दुकानातल्या नवख्यांना मी पहिल्याच दिवशी हे बजावतो.

तुम्हा दोघांवर जीव असलेला,
दादा

१९ मार्च

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र यांना वाचून दाखवत होते. तापलेल्या टायरपाशी आले आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

त्या दिवशी तीन तास उन्हातून तुमच्याकडे आलो, आणि मी चपला काढायच्या आत तू टायरला हवा मोजायचं गेज लावलंस. हे म्हणाले, सकाळी पट्टीवरच्या आकड्याइतकीच भरलीय. तू हसलास आणि बाबांसमोर म्हणालास, की बस हाकणाऱ्याने टायरवाल्याला शिकवू नये. मग चारही चाकांची हवा सोडलीस. जेवून आम्ही निघालो.

मी यांना विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीत? म्हणाले, दादांचा मान होता. आणि अपघातानंतर? म्हणाले, तेव्हा बोललो असतो तर तुझं माहेर तुटलं असतं.

माझं माहेर टिकावं म्हणून या माणसाने बेजबाबदार म्हणवून घेतलं, आणि तू ते म्हणू दिलंस. मला तुझी लाज वाटते दादा.

तुझं पत्र सोबत परत पाठवतेय. बाबांपुढे बसून तूच ते मोठ्याने वाच. वाचलंस, की मग मला लिही. तोवर लोभ मागत नाही.

चिऊ